माहेरचं कॅरेट आणि वजनाचा काटा

बाई ४४ वर्षांच्या. सोलापुरात विजापूर रोडला राहतात, प्राथमिक शाळेत शिकवतात. घरात नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. माहेर सांगोल्याकडचं, भावाची डाळिंबाची बाग. मार्चमध्ये आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७४.६ किलो, कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३१, भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात आणि बायकांची कंबर ८० च्या आत असावी असं सांगतात. सोबत रक्ताचे रिपोर्ट होते. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, २१२. हिमोग्लोबिन १०.४. मधुमेह झालेला नव्हता, पण उंबरठ्यावर होता. (बाईंची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. आहार आणि आकडे यांच्या गोष्टीला त्यानं फरक पडत नाही.)

तक्रार त्यांनी एका वाक्यात मांडली. "डिसेंबरपासून रात्री जेवण बंद करून नुसती फळं खायलेय ओ मॅडम, आणि वजन वाढायलंय."

सोबत सासूबाई आल्या होत्या. त्यांचं म्हणणं वेगळं. "उपाशी मारून घ्यायलीय ही. तोंड बघा किती उतरलंय."

दोघींचंही खरं होतं. वजन वाढत होतं आणि बाई अर्धपोटी राहत होत्या. वजन कमी करणाऱ्यांमध्ये हे दोन्ही एकत्र दिसतं तेव्हा मी आधी ताटात किती आहे हे विचारत नाही, ताटातून काय गेलं ते विचारते.

डिसेंबरच्या आधीचा त्यांचा दिवस साधा सोलापुरी होता. सकाळी चहा आणि पोहे किंवा सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा नाश्ता). शाळेच्या डब्यात दोन भाकरी, भाजी, शेंगाची चटणी, दही. संध्याकाळी घरी आल्यावर चहा आणि मूठभर काहीतरी. रात्री दीड भाकरी, आमटी किंवा डाळकांदा, एखादी भाजी. यात वजन वाढवणारं एकदम डोळ्यांत भरेल असं काही नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं वाढत ७३ पर्यंत आलं होतं.

डिसेंबरात मृग बहाराची डाळिंबं निघाली आणि भावानं नेहमीसारखी दोन कॅरेट, म्हणजे फळांचे दोन मोठे क्रेट, पाठवली. त्याच सुमारास मैत्रिणीच्या मोबाइलवर बघून बाईंनी ठरवलं: सकाळी उपाशीपोटी डाळिंबाचा रस, नाश्ता बंद. डब्यात भाकरीऐवजी एक पोळी आणि भाजी. रात्री फळांचं ताट.

पहिल्या दोन आठवड्यांत काटा ७३ वरून ७१.४ वर आला. घरात सगळ्यांना दाखवून झालं. रात्रीच्या जेवणाबरोबर चटणी, लोणचं, पापड सुटले होते, म्हणजे मीठही घटलं होतं, आणि एकूण खाणं अचानक कमी झालं की शरीरात साठलेलं पाणी आधी उतरतं. चरबी इतक्या घाईनं हलत नाही. पण पहिल्याच पंधरवड्यात दीड किलो उतरल्यावर कुणाला काय सांगणार? जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, काटा थांबला. फेब्रुवारीत द्राक्षं आली. मार्चमध्ये ७४.६.

मी त्यांना तीन दिवस जे तोंडात जाईल ते लिहून काढायला सांगितलं. सोबत रोजचा रसाचा ग्लास आणि द्राक्षांची वाटीही आणायला सांगितली. माणसं प्रमाण सांगताना खोटं बोलत नाहीत, पण "एक ग्लास" आणि "एक वाटी" प्रत्येक घरात वेगळी असते. ग्लास स्टीलचा, उंच, काठोकाठ भरला तर ३०० मिली. द्राक्षांची "वाटी" म्हणजे खोलगट बाऊल निघाला. माझ्या टेबलावर किचनचा काटा असतो. त्यावर बाऊल ठेवला आणि म्हटलं, रोज घेता तेवढी द्राक्षं यात घाला. बाईंनी घडातून छोटे झुपके तोडून भरायला सुरुवात केली, बाऊल भरला, मग वर दोन झुपके सहज ठेवले. काटा म्हणाला ३४० ग्रॅम. बाई बघतच राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "आणि देठ काढत काढत उभ्या उभ्या खाते ते वेगळंच."

आता हिशेब. सगळे आकडे ढोबळ आहेत. फळाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे ते हलतात.

डाळिंबाचा ३०० मिली रस म्हणजे साधारण १६० कॅलरी. ३४० ग्रॅम द्राक्षं म्हणजे २३० च्या आसपास. रात्रीच्या ताटात करमाळ्याकडची दोन मोठी केळी, दोन चिकू, पपईच्या फोडी आणि वर वाटीभर डाळिंबाचे दाणे, चाट मसाला भुरभुरून. हे ताट ४८० ते ५०० कॅलरीचं. पूर्वीची दीड भाकरी, आमटी, भाजी? तीही जवळपास तेवढीच, पाचशे. म्हणजे ज्या बदलाला बाई "जेवण सोडलं" म्हणत होत्या, त्यात कॅलरीच्या दृष्टीनं काहीच सुटलेलं नव्हतं. सुटली होती ती प्रथिनं. भाकरी-आमटीच्या जेवणात पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असायची, फळांच्या ताटात पाच-सहा. दिवसभराचं सगळं धरूनही त्या पंचवीस-तीस ग्रॅमच्या पुढे जात नव्हत्या. त्यांच्या बांध्याला पन्नासच्या आसपास तरी हवीत.

मग तीन दिवसांच्या वहीत रात्री साडेदहाच्या पुढे काय लिहिलंय ते बघितलं. दोन दिवस कोरे, तिसऱ्या दिवशी "थोडी कडक भाकरी". थोडी म्हणजे किती, हे विचारल्यावर बाई हसल्या. मुलगा अभ्यासाला बसलेला असतो, त्याच्याजवळ बसून कडक भाकरीचा तुकडा मोडायचा, शेंगाच्या चटणीत बुडवायचा. दोन-तीन चमचे चटणी, वर तेल. ते तीनशे कॅलरीच्या घरात जातं. आणि काही रात्री सासूबाईंना सुनेची दया यायची, त्या शिकरण करून द्यायच्या. "केळंच की ते, फळच झालं." दूध, दोन चमचे साखर आणि तिसरं केळं.

मी या रात्रीच्या खाण्याला हावरटपणा म्हणणार नाही. प्रथिनं नाहीत, डाळ नाही, गरम काही पोटात नाही, अशा जेवणानंतर साडेदहाला भूक लागलीच पाहिजे. शेंगाच्या चटणीतच हात जातो कारण शेंगदाण्यात प्रथिनं आणि स्निग्ध दोन्ही भरपूर. शरीर जे मागत होतं तेच शोधत होतं, फक्त बरणीतून. (आणि शंभर ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साडेपाचशे कॅलरी, हे बरणीवर कुणी लिहीत नाही.)

बेरीज अशी. वाढलं ते: रस १६०, द्राक्षं २३०, रात्रीची भाकरी-चटणी ३००. मिळून ६९०. गेलं ते: नाश्ता अडीचशे, डब्यातून कमी झालेलं दोनशे चाळीसच्या आसपास. मिळून ४९०. दिवसाला दोनशे जास्त. महिनोन्महिने रोज दोनशे जास्त म्हणजे काटा वर जाणारच, फळं असोत की फरसाण.

कॅरेटचा प्रश्न

हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं ते खरं या भागासाठी. पुण्या-मुंबईची माणसं फळ विकत घेतात, किलो-अर्धा किलो. सोलापूर जिल्ह्यातल्या किती घरांत फळ विकत येतच नाही, ते येतं. सांगोल्याहून डाळिंबं, पंढरपूर-कासेगावकडून द्राक्षं, करमाळ्याहून केळी, बार्शीकडून सीताफळं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथे केगावला आहे. अशा गावात "डाळिंब जपून खा" हा सल्ला कोण ऐकणार?

घरी येतो तो माल बाजारात न गेलेला. तडकलेली डाळिंबं, उन्हानं एका बाजूनं करपलेली, तेल्या रोगाचे काळे डाग असलेली. आतून गोडच, पण तडकलेलं फळ टिकत नाही. चांगलं, अखंड डाळिंब फ्रिजमध्ये आठवडेच्या आठवडे राहतं. तडकलेलं दोन-चार दिवसांत आंबायला लागतं. म्हणून घाई. सासूबाईंचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय: "पोराच्या मामानं पाठवलेलं टाकू वाटंना की ओ. नासायच्या आत संपवाय पाहिजे."

आणि वीस किलो डाळिंब संपवण्याचा एकच सोपा मार्ग असतो, मिक्सर. दाणे काढून खायचे तर एका फळाला बसून दहा मिनिटं जातात, बोटं काळी होतात, मध्येच माणूस कंटाळतो. तो कंटाळा हेच डाळिंबाचं वजनाच्या बाबतीतलं मोठं बळ आहे. मिक्सर ते काढून घेतो. बाईंच्या एका ग्लासात तीन मध्यम डाळिंबं जात होती. तीन डाळिंबं दाण्यांनी खा म्हटलं तर दुसऱ्यालाच त्या थांबल्या असत्या.

रसाबद्दल शास्त्र तसं जुनं आहे. १९७७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि रस करून. साखर तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगानं संपला, पोट त्यानं कमी भरलं, आणि प्यायल्यानंतर रक्तातली साखर वर जाऊन मग जास्त खाली आली. बाईंना शाळेत अकरा वाजता डोकं जड होऊन "काहीतरी गोड हवं" वाटायचं. त्याचं कारण एवढंच होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही, नाश्ताही नव्हताच. पण रस बंद करून नाश्ता सुरू केल्यावर ते गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची साखरेची मार्गदर्शिका आहे. तिच्यात अख्ख्या फळातली साखर मोजत नाहीत, रसातली मात्र वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरतात, आणि ते सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. बाईंना मी दिवसाला दीड हजार कॅलरी ठरवल्या. त्याचे दहा टक्के म्हणजे ३७ ग्रॅम साखर. त्यांच्या स्टीलच्या ग्लासात जवळजवळ तेवढीच होती. सकाळी सातच्या आत दिवसाचा कोटा संपत होता, चहातली साखर वेगळी.

माझ्याकडे येण्याआधी बाईंनी आणखी एक प्रयोग केला होता. स्टाफरूममधल्या एका सहकारी शिक्षकांनी सांगितलं, फळात साखर असते, फळंच बंद करा. त्यांनी केली. पोट साफ होईना, आणि संध्याकाळी शाळेतून परतताना वडापावच्या गाड्यापाशी पाय थांबायला लागले. शेवटी फळं परत सुरू झाली आणि त्या वैतागून माझ्याकडे आल्या, आणि पहिला प्रश्न हाच होता: "खाऊ का नको, एकदाच सांगा."

खा. पण फळानं वजन कमी होईल ही अपेक्षा सोडा. अमेरिकेत सव्वा लाखाहून जास्त लोकांच्या आहाराची आणि वजनाची अनेक वर्षं नोंद ठेवून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोजच्या खाण्यात फळाचा एक भाग वाढवणाऱ्यांचं वजन चार वर्षांत सरासरी पाव किलोच्या आसपास कमी भरलं. चार वर्षांत पाव किलो! दिशा चांगली आहे, पण यासाठी कुणी रात्रीचं जेवण सोडू नये. फळाचा उपयोग ते कुणाची जागा घेतं यावर आहे. वडापावच्या जागी आलं तर लाख मोलाचं, डाळीच्या जागी आलं तर तोट्याचं, आणि कुणाच्याच जागी न येता वरून आलं तर तेही खाणंच.

काय बदललं

सगळ्यात आधी रात्रीचं ताट परत आणलं. मालदांडी ज्वारीची एक भाकरी, घट्ट डाळ किंवा डाळकांदा किंवा मटकीची उसळ मोठी वाटी, पालेभाजी, कांदा-काकडी. चटणी एक चमचा, जेवतानाच. सासूबाईंचा चेहरा तिथेच खुलला. सकाळी मुगाचं धिरडं किंवा मोड आलेली कडधान्यं. घरात अंडं चालत नाही. डब्यात दही परत.

फळं दिवसाला दोनदा, मिळून दोनशे ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरीच्या ताटाला १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्यात. मी फळ जास्त दिलं कारण एक भाग मला मुद्दाम चारच्या सुमारास हवा होता, शाळा सुटायच्या आधी, गाड्यापाशी पाय थांबायच्या आधी. त्या वेळेला पेरू. पेरू चावावा लागतो, त्यात चोथा भरपूर, पर्समध्ये दबत नाही आणि लक्ष्मी मंडईत स्वस्तात मिळतो. पेरूचा हंगाम सरला की मोसंबी, जून लागला की जांभळं. दुसरा भाग दुपारच्या जेवणाबरोबर: डाळिंबाचे दाणे, मोजलेली वाटी. हिमोग्लोबिनसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच होत्या. ज्वारी-डाळीतलं लोह अंगी लागायला पेरू-मोसंबीतलं क जीवनसत्त्व मदत करतं, तेवढा फायदा वरचा.

द्राक्षं बंद केली नाहीत. फक्त धुऊन, देठ काढून, शंभर ग्रॅमच्या डब्यांत भरून ठेवायची आणि बसून खायची. केळं बाईंना आवडतं, तर रविवारी सकाळी चालायला जाण्याआधी एक. शिकरण सणाला.

उपाशीपोटीच फळ खावं, जेवणावर फळ खाल्लं तर पोटात सडतं, सूर्य मावळल्यावर फळ म्हणजे विष, या सगळ्या गोष्टी बाईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून आणल्या होत्या. त्यातलं एकही धरून बसू नका म्हटलं. पोटातल्या आम्लात फळ सडत नाही. जेवणाआधी खाल्लं तर जेवण थोडं कमी जातं, एवढाच वेळेचा फरक, आणि तोही अख्ख्या फळाचा.

कॅरेटचं मात्र तिघांनी बसून ठरवावं लागलं. बाई, सासूबाई आणि फोनवर भाऊ. भावाला वाईट वाटेल ही भीती होती. त्याला वाटलं नाही, तो म्हणाला, "अगं तायडे, मग अर्धंच पाठवतो, मला गाडीत जागा होईल." तडकलेली फळं आली की त्याच दिवशी सोलायची, दाणे शंभर-शंभर ग्रॅमचे डबे करून फ्रीजरला टाकायचे. उरलेलं जिन्यातल्या चार घरांत. नवऱ्याला सोलायला बसवलं, ही सासूबाईंना पटलेली नाही अशी एकमेव गोष्ट.

ही मांडणी सगळ्यांना लागू नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळिंब-केळ्यातलं पोटॅशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर प्रमाण आणि वेळ वेगळी ठरते.

पहिल्या अडीच महिन्यांत काटा हळूहळू उतरला. जूनच्या सुरुवातीला ७१.८. त्यात मेचा महिना जवळजवळ सपाट गेला. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, लग्नसराई आणि आमरस. आमरसाच्या बाबतीत बिचाऱ्या आंब्याला दोष देतात. बाईंच्या घरी रसात साखर, वर तूप आणि रसाबरोबर पोळ्या एरवीपेक्षा दोन जास्त. मी रस काढू नका म्हटलं नाही, साखर आणि दोन पोळ्या काढा म्हटलं. निम्मं ऐकलं. रात्रीच्या उकाड्यात "आज नुसतं कलिंगडच खाते" असं दोन-तीनदा झालं, आणि त्या प्रत्येक रात्री चटणीची बरणी उघडली गेली, हे बाईंनीच लिहून आणलं. एवढं दिसल्यावर मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

श्रावण अवघड गेला. उपवासाला फळ चालतं म्हणून बाई निर्धास्त होत्या, पण उपवासाचं ताट म्हणजे साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, तळलेले बटाटे, आणि त्याच्या कडेला केळं. भगर, शेंगाची पातळ आमटी, दही आणि एक फळ एवढ्यावर तोडगा निघाला. सोमवार तसे गेले. बाकीच्या उपवासांना साबुदाणा झालाच.

सप्टेंबरमध्ये वजन ७०.९, कंबर ९१. एचबीएवनसी ५.८, ट्रायग्लिसराइड १६४, हिमोग्लोबिन ११.६. सहा महिन्यांत पावणेचार किलो. जाहिरातीत छापण्यासारखा आकडा नव्हे. रात्रीची भूक गेली आहे, साखर उंबरठ्यावरून थोडी मागे सरकली आहे. पुढच्या भेटीत चालण्याचं बघायचं आहे. संभाजी तलावाला फेऱ्या मारायच्या ठरल्या होत्या, त्या शाळेच्या परीक्षांत बंद पडल्या. नवरोबाही आता काट्यावर उभे राहू लागलेत. त्यांचं ८६ आहे, आणि ते रोज सकाळी फिरून येताना मोसंबीचा रस पिऊन येतात.